काकूंचं इंजेक्शन, अमेरिकेचा टीव्ही आणि आमचं काउंटर

माझं सांगलीत गावभागात मेडिकल आहे, वडलांपासूनचं, आणि काउंटरवर उभं राहून मला आता चोवीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एक काकू आल्या. सहा महिने न्यू जर्सीला लेकाकडं, नातवाला सांभाळायला गेल्या होत्या. आल्या आल्या पर्समधनं चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, बाळा, हे इंजेक्शन आपल्याकडं मिळतंय का बघ की. चिठ्ठीवर देवनागरीत एकच शब्द, हुमेरा. मला वाटलं कुणाच्या तरी मुलीचं नाव लिहिलेला कागद चुकून बाहेर आला, मग ट्यूब पेटली, हुमिरा.

म्हटलं काकू, हे कुठल्या डॉक्टरनं दिलं? तर म्हणाल्या, डॉक्टर कशाला, तिकडं टीव्हीवर रोज दाखवतात, माझ्यासारखीच एक बाई गुडघं धरून बसलेली, आणि इंजेक्शन घेतलं की नातवाला घेऊन बागेत. लेकाला म्हटलं मला पण घे की, तर म्हणतो आई तुला इथला इन्शुरन्स नाय, तिकडं गेल्यावर बघ.

आता काकूंचे गुडघे मला माहितीयत, गेली आठ-नऊ वर्षं मीच गोळ्या देतोय. वयानं आणि वजनानं झिजलेले गुडघे आहेत. आणि हुमिरा हे झिजेचं औषधच नाही. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी डोकं फिरल्यासारखी आपल्याच सांध्यांवर उलटते, बोटं सुजतात, सकाळी उठल्यावर हात वळत नाहीत, त्याला रुमेटॉइड म्हणतात, त्याच्यासाठी आणि तसल्याच अजून काही आजारांसाठी हे इंजेक्शन आहे. ते काय करतं तर त्या उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा आवाज कमी करतं. ज्याला खरंच रुमेटॉइड आहे त्याला हे वरदान आहे, त्यात वाद नाही. पण आवाज कमी झाला की बाकीचे चोर आत शिरतात, त्यातला आपल्याकडचा मोठा चोर म्हणजे टीबी. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या अंगात टीबीचे जंतू गप झोपून असतात, माणूस धडधाकट असतो, आयुष्यभर काही होत नाही, आणि अशा माणसाला हे इंजेक्शन दिलं की ते जागे होऊ शकतात. म्हणून इंजेक्शन सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करावीच लागते, कंपनीच्या माहितीपत्रकात हे चौकटीत ठळक छापलेलं असतं.

काकूंना म्हटलं, जाहिरातीत हे सांगत नव्हते का? त्या जरा आठवून म्हणाल्या, काहीतरी भराभर बोलत होता रे तो माणूस शेवटी शेवटी, पण तेव्हा ती बाई नातवाला झोपाळ्यावर झोका देत होती, मी तिकडं बघत होते.

हे एक वाक्य मला इतकं आवडलं की त्याच्यावरनंच हा लेख लिहायला बसलोय.

तर पहिली गोष्ट. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असं औषध थेट पब्लिकला टीव्हीवर नाव घेऊन दाखवायची मोकळी परवानगी जगात दोनच देशांत आहे, अमेरिका आणि न्यूझीलंड. बाकी बहुतेक ठिकाणी कंपनीनं काय सांगायचं ते डॉक्टरला सांगायचं, पेशंटला नाही. अमेरिकेत पण हे पहिल्यापासून नव्हतं. १९६२ साली, थॅलिडोमाइड नावाच्या औषधानं युरोपात हातपाय नसलेली मुलं जन्मली त्यानंतर, अमेरिकेनं औषधांचा कायदा कडक केला आणि चिठ्ठीवरच्या औषधांच्या जाहिरातीवर नजर ठेवायचं काम त्यांच्या एफडीएकडं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याकडं दिलं. नियम असा होता की औषधाचं नाव आणि ते कशावर आहे हे सांगितलं की त्याचे सगळे धोके पण सांगायचे. पेपरात ठीक आहे, एक अख्खं पान बारीक अक्षरात भरून टाकलं की झालं, पण तीस सेकंदाच्या टीव्ही जाहिरातीत कसं बसवणार? मग कंपन्या गमतीशीर जाहिराती करायच्या, नुसतं औषधाचं नाव घ्यायचं आणि ते कशावर आहे ते सांगायचंच नाही. म्हणजे आपल्याकडच्या होर्डिंगवर नुसतं लवकरच येत आहे लिहितात तसं.

१९९७ मध्ये एफडीएनं वाट मोकळी केली. मोठे मोठे धोके तेवढे बोलून सांगा, बाकीच्यासाठी एक फुकट फोन नंबर, एक वेबसाइट द्या, मासिकातली जाहिरात बघा म्हणा, डॉक्टरला विचारा म्हणा, बास. त्यानंतर धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. १९९७ ला चिठ्ठीच्या औषधांच्या थेट जाहिरातीवर तिथं १३० कोटी डॉलर खर्च होत होते, २०१६ ला तोच आकडा ६०० कोटी डॉलर झाला. आणि तो झोपाळा, ते कुत्रं, ती हिरवळ, मागं वाजणारं ते मऊ संगीत, हे सगळं बरोबर त्या वेळी येतं ज्या वेळी आवाज सांगत असतो की या औषधानं यकृत खराब होऊ शकतं. डोळे एकीकडं आणि कान एकीकडं. डोळेच जिंकणार, माणूस आहे तो. हे इतकं उघड होतं की २०२३ मध्ये एफडीएला नवा नियम काढावा लागला, धोके सांगताना साध्या भाषेत सांगा, ऐकू येतील असे सांगा, पडद्यावर पण लिहा आणि त्या वेळी लक्ष दुसरीकडं जाईल असं काही दाखवू नका. म्हणजे काकूंनी सांगलीत जे सांगितलं ते तिथं नियमात यायला सव्वीस वर्षं लागली.

आता कुणी म्हणेल, जाहिरात बघितली म्हणून काय झालं, औषध तर शेवटी डॉक्टरच लिहून देणार ना? शिकलेला माणूस आहे तो, चुकीचं कशाला देईल? मला पण असंच वाटायचं. पण एक प्रयोग झालाय, तो मला फार भारी वाटतो, तो जरा नीट सांगतो.

२००५ मध्ये छापून आलेला अमेरिकेतला अभ्यास आहे. त्यांनी नटीकाम येणाऱ्या बायकांना पेशंट म्हणून शिकवून तयार केलं आणि १५२ डॉक्टरांकडं पाठवलं, सगळ्या मिळून २९८ भेटी. डॉक्टरांनी आधी होकार दिलेला पण नेमका खोटा पेशंट कुठला ते त्यांना माहिती नाही. अर्ध्या बायकांनी खऱ्या डिप्रेशनची लक्षणं सांगायची, झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. बाकीच्या अर्ध्यांनी सांगायचं ते साधंच, नोकरी सोडावी लागली म्हणून मन खट्टू आहे, म्हणजे ज्याला बहुतेक वेळा गोळी लागतच नाही, थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात. आणि मग दोन्ही अर्ध्यांत पण तीन-तीन गट. एका गटानं म्हणायचं, टीव्हीवर अमुक ब्रँडची जाहिरात बघितली, ती गोळी मला चालेल का. दुसऱ्या गटानं ब्रँडचं नाव न घेता म्हणायचं, डिप्रेशनवर कार्यक्रम बघितला, औषधाचा मला उपयोग होईल का. तिसऱ्या गटानं काहीच मागायचं नाही.

निकाल बघा. साध्या खट्टू मनाच्या बायका, ज्यांनी काही मागितलं नाही, त्यांच्यातल्या १० टक्क्यांना गोळी लिहून दिली. त्याच लक्षणांच्या, पण ब्रँडचं नाव घेऊन मागणाऱ्या, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना गोळी मिळाली. लक्षणं तीच, फक्त तोंडात एक नाव जास्तीचं. म्हणजे शिकलेल्या माणसाचा हात पण वळतो. वळणारच, बाहेर पंधरा पेशंट बसलेत, समोरचा मागतोय, नाही म्हणायला दहा मिनिटं समजवावं लागतं आणि हो म्हणायला दहा सेकंद, वर नाराज झाला तर उद्या दुसऱ्या डॉक्टरकडं जाणार. आमच्या काउंटरवर हेच दिवसातनं वीस वेळा होतं, मी कुठल्या तोंडानं डॉक्टरला नावं ठेवू.

पण याच प्रयोगाची दुसरी बाजू पण आहे आणि ती लपवली तर मी पण जाहिरातवाल्यासारखाच झालो. ज्या बायकांनी खऱ्या डिप्रेशनची लक्षणं सांगितली आणि काहीच मागितलं नाही, त्यांच्यातल्या फक्त ३१ टक्क्यांना औषध मिळालं. ब्रँड मागितला तर ५३ टक्के. आणि नाव न घेता नुसतं औषधाचं विचारलं तर ७६ टक्के. नुसतं औषधच नाही, समुपदेशकाकडं पाठवणं, परत बोलावणं हे सगळं धरून बघितलं तरी गप्प बसणाऱ्यांपेक्षा विचारणाऱ्यांना चांगली सेवा मिळाली. म्हणजे पेशंटनं तोंड उघडणं चांगलंच आहे. जाहिरातीनं एखादी घुसमटलेली बाई डॉक्टरपर्यंत पोचली तर ते वाईट कसं म्हणायचं? पण गंमत बघा, सगळ्यात चांगला निकाल ब्रँडचं नाव न घेणाऱ्यांचा आला. आजाराबद्दल बोला, मला असं असं होतंय म्हणा, तिथपर्यंत फायदा आहे, त्याच्यापुढं नाव चिकटलं की फायदा आजारी माणसाकडनं कंपनीकडं सरकायला लागतो.

आता धोक्याचं. नवीन औषध बाजारात येतं तेव्हा ते काही हजार माणसांवर तपासलेलं असतं. दहा हजारात एखाद्याला होणारा त्रास त्यात सापडेलच असं नाही, तो लाखो लोकांनी घ्यायला लागल्यावर सापडतो. म्हणून जुन्या डॉक्टरांची पद्धत अशी की नवीन औषधाला जरा मुरू द्यायचं, लोणच्यासारखं. आणि जाहिरात नेमकी उलटं करते, कारण कंपनीचा पेटंटचा काळ मोजका असतो, तेवढ्यात जेवढं विकायचं तेवढं विकायचं असतं, म्हणून सगळ्यात जास्त जाहिरात सगळ्यात नव्या औषधाची. म्हणजे ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती आहे ते सगळ्यात जास्त लोकांच्या पोटात सगळ्यात लवकर.

याचं उदाहरण मी स्वतःच्या हातानं हाताळलंय. व्हायॉक्स नावाची दुखण्यावरची गोळी होती, मर्क कंपनीची, औषधाचं नाव रोफेकोक्सिब. १९९९ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झाली. तिचं खरं काम काय होतं, तर ज्यांना साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो त्यांच्यासाठी जरा सोयीची गोळी. तेवढ्याच लोकांना दिली असती तर कदाचित एवढं झालं नसतं. पण २००० साली कंपनीनं तिच्या थेट जाहिरातीवर १६ कोटी डॉलर घातले, पेप्सीनं त्या वर्षी स्वतःच्या जाहिरातीवर घातले त्यापेक्षा जास्त. ज्यांचं दहा पैशाच्या जुन्या गोळीनं भागलं असतं ते पण डॉक्टरकडं जाऊन हीच द्या म्हणायला लागले. आणि त्याच वर्षी एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की ही गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक जास्त येतायत. त्यानंतर पण गोळी चालूच राहिली, ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीनं जगभरातनं परत घेतली. नंतर एफडीएच्याच एका शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर अंदाज मांडला की एकट्या अमेरिकेत या गोळीमुळं हृदयाच्या गंभीर आजाराचे ८८ हजार ते १ लाख ४० हजार जास्तीचे पेशंट झाले असतील. २००७ मध्ये कंपनीनं दावे मिटवायला ४८५ कोटी डॉलर मान्य केले.

आपल्याकडं काय झालं? आपल्याकडं टीव्हीवर जाहिरात नव्हती पण रोफेकोक्सिब होतीच, इथल्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या ब्रँडनं. एमआर, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, बॅग घेऊन डॉक्टरकडं जायचे, सॅम्पल ठेवायचे. डिसेंबर २००४ मध्ये भारत सरकारनं बंदी घातली. मी तेव्हा नवीनच काउंटरवर उभा राहायला लागलेलो, वडील म्हणाले त्या खालच्या कप्प्यातल्या सगळ्या स्ट्रिपा काढ, आणि आम्ही दोघांनी खोक्यात भरून स्टॉकिस्टला परत दिल्या. एक मास्तर होते, गुडघ्याला तीच चालायची त्यांना, ते आठवडाभर रोज येऊन विचारायचे, एक तरी स्ट्रिप असंल की रे मागं कुठंतरी, त्या गोळीनं मला घाट चढता येतोय. त्यांना काय सांगायचं ते मला तेव्हा कळायचं नाही. म्हणून जाहिरात बंद म्हणजे आपण वाचलो असं मी म्हणत नाही. डॉक्टरच्या दारानं पण वाईट औषध येतंच. पण एका दारानं येणं आणि गावातल्या प्रत्येक घराच्या टीव्हीतनं येणं यात आकड्याचा फरक आहे.

दुसरी एक चलाखी सांगतो, ती एकदा समजली की आयुष्यभर उपयोगी पडते. लिपिटर नावाची कोलेस्टेरॉलची गोळी, फायझरची, प्रचंड खपलेली. तिच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असायचं, हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. वाचणाऱ्याला वाटणार शंभर जणांनी घेतली तर छत्तीस जण वाचले. तसं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की अभ्यासात औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना अटॅक आला आणि लिपिटर घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना. म्हणजे समजा आमच्या वाड्यातल्या बीपी असलेल्या शंभर लोकांना तीन-साडेतीन वर्षं खोटी गोळी दिली तर तिघांना अटॅक येणार, आणि खरी दिली तर दोघांना. शंभरातला एक वाचला. तीनाचे दोन झाले म्हणून तो तिसरा हिस्सा, दशांश धरून ३६ टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत, खोटं कुणी बोललं नाही, पण मोठ्या अक्षरात कुठला छापायचा हे कंपनी ठरवते. (हे वाचून कुणी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका हां, ज्याला आधी अटॅक येऊन गेलाय त्याला त्याच गोळीचा फायदा बराच मोठा असतो, आपला धोका किती तो डॉक्टरला विचारा.)

याच लिपिटरच्या जाहिरातीत रॉबर्ट जार्विक यायचे, कृत्रिम हृदयामुळं नाव झालेले. जाहिरातीत ते सरोवरात झकास होडी वल्हवतायत. नंतर बाहेर आलं की ते हृदयरोगतज्ज्ञ नाहीत, प्रॅक्टिस करायचं लायसन्स पण नाही, आणि होडी वल्हवणारा माणूस तर दुसराच, डुप्लिकेट. अमेरिकेच्या संसदेच्या समितीनं चौकशी लावली आणि २००८ मध्ये कंपनीनं जाहिरात मागं घेतली. आमच्या कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघितलेल्या माणसाला वल्हं धरायच्या पद्धतीवरनंच कळलं असतं की हा गडी वेगळा आहे, असो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जाहिरात कधी स्वस्त जुन्या जेनेरिकची नसते, कोण करणार आणि कशाला? म्हणून जाहिरात बघून मागितलेलं औषध जवळजवळ नेहमी महागातलं. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यानं औषधांवर जे ५६,००० कोटी डॉलर खर्च केले, त्यातले ३२,४०० कोटी जाहिरात होणाऱ्या औषधांवर गेले. सगळा खर्च जाहिरातीमुळंच झाला असं नाही म्हणता येत, पण बिल कुणी भरलं तर सगळ्यांनी मिळून, ज्यांनी जाहिरात बघितली नाही त्यांनी पण. २०१५ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्याच मोठ्या संघटनेनं, अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, या जाहिराती बंद करा म्हणून ठराव केला. बंद होत नाहीत कारण तिथं जाहिरात करणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग मानला जातो, १९७६ पासून त्यांच्या सुप्रीम कोर्टाचा तसा कल आहे.

आपल्या सुप्रीम कोर्टानं याच्या आधीच, १९५९ मध्ये, हमदर्द दवाखान्याच्या केसमध्ये उलटं सांगितलं होतं. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे आपल्याकडं, त्यात ५४ आजारांची यादी आहे, मधुमेह, बीपी, मोतीबिंदू, मूतखडा, लठ्ठपणा, संधिवात, अगदी उंची वाढवणं सुद्धा, यावर आमचं औषध बरं करतं अशी जाहिरात पब्लिकला करायची नाही. हमदर्दनं म्हटलं हा आमच्या बोलण्याच्या हक्कावर घाला आहे. कोर्टानं कायद्यातले काही तुकडे खोडले पण मुख्य मुद्द्यावर म्हटलं, धंद्यासाठी बंदी घातलेल्या औषधाची जाहिरात म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य नव्हे. त्याशिवाय शेड्यूल एच मधली औषधं, म्हणजे चिठ्ठीवरची, त्यांची जाहिरात केंद्राच्या परवानगीशिवाय करता येत नाही. मला हा कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा वाटतो, सरळ सांगतो.

पण कायदा शहाणा आणि रस्ता खड्ड्याचा. यादीत लठ्ठपणा आहे ना, मग मिरज रोडनं जाताना भिंती वाचत जा. वजन घटवा, उंची वाढवा, ताकद, गुप्तरोग, आणि खाली मोबाइल नंबर. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि भिंत दर पावसाळ्यानंतर नव्यानं रंगवलेली. मोठ्या कंपन्यांचं पण आपण बघितलं, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पतंजलीला फटकारल्यावर पेपरात माफीनामे छापून आले.

आणि चिठ्ठीच्या औषधांना टीव्ही लागतच नाही आता. कंपनी औषधाचं नाव घेत नाही, आजाराचं घेते. जागृती म्हणतात त्याला. वजन वाढणं हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला, बास, एवढंच. पुढचं काम रील करते. २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोव्ही भारतात आलं, ही वजनाची आठवड्याची इंजेक्शनं, आणि महिन्याभरात माझ्या काउंटरवर एक आई विचारायला आली, पोरीचं लग्न ठरलंय, चार महिन्यात दहा किलो कमी करायचंय, ते पेनसारखं इंजेक्शन आहे ना ते द्या. चिठ्ठी? चिठ्ठी कशाला, इन्स्टावर एका मुलीनं सगळं सांगितलंय. मुलीचं वजन किती विचारलं तर अठ्ठावन्न. ही इंजेक्शनं मधुमेहाला आणि खऱ्या लठ्ठपणाला फार कामाची आहेत, पण अठ्ठावन्न किलोच्या पोरीला लग्नाच्या अल्बमसाठी उलट्या करायला लावणं कुठल्या माहितीपत्रकात बसत नाही. दिलं नाही. दुसरीकडं मिळालं नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही.

कारण आपला सगळ्यात मोठा टीव्ही म्हणजे आमचंच काउंटर, हे कबूल करायला पाहिजे. अमेरिकेत निदान जाहिरात आणि गोळी यांच्या मधी एक डॉक्टर उभा असतो, वाकला तरी उभा असतो. आपल्याकडं तो मधला माणूस वगळून थेट काम होतं. खाजेवरच्या त्या मिक्स क्रीमचंच घ्या, स्टिरॉइड असलेल्या. गजकर्णाला एकानं लावली, दोन दिवसात खाज थांबली, त्यानं भावाला सांगितली, भावाच्या बायकोनं तोंड उजळतंय म्हणून चेहऱ्याला लावली, सहा महिन्यांनी गाल लालबुंद, कातडी कागदासारखी पातळ, क्रीम बंद केली की आग आग. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये घातली, चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून. एकही जाहिरात न होता आमच्या तीन गल्ल्यांत पसरलेली ती.

अँटिबायोटिकचं तर काय बोलायचं. २०१४ पासून शेड्यूल एच वन म्हणून वेगळी यादी आहे, त्यातली औषधं द्यायची तर वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली ते लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१६ पासून सरकार सांगतंय की स्ट्रिपवर लाल रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. लाल रेघेचं गिऱ्हाइकाला विचारलं तर सांगतात, ती डिझाइन आहे की.

काकूंचं पुढं काय झालं ते राहिलं. मी त्यांना हुमिरा नाही दिलं, देता आलंच नसतं. म्हटलं काकू, मिरजेला हाडाच्या डॉक्टरकडं जा, पण चिठ्ठी घरी ठेवून जा. तिथं नाव सांगू नका, काय होतंय ते सांगा, कधी दुखतं, जिना चढताना का उतरताना, सकाळी किती वेळ आखडतं. त्यांना पटलं नाही, म्हणाल्या अरे पण नाव नाही सांगितलं तर त्यांना कसं कळणार मला काय पाहिजे? मी गप्पच झालो. एवढ्या साध्या शब्दात अख्ख्या धंद्याचं गुपित कुणी सांगितलेलं नव्हतं मला.

गेल्या मात्र. दहा दिवसांनी आल्या, हातात डॉक्टरची चिठ्ठी. एक साधी दुखण्याची गोळी, ती पण लागली तरच, आणि खाली मांडीच्या व्यायामाचं चित्र काढून दिलेलं, शिवाय चार किलो वजन कमी करा. काकू नाराज. सहाशे रुपये फी घेऊन पाय वर खाली करायला सांगितलं म्हणे, हे तर मी फुकटात केलं असतं. करताय का मग, विचारलं. तर म्हणाल्या, करतीय रे, सिरियल बघता बघता.

हे लिहीत होतो तेवढ्यात एक पोरगा आला, एमआयडीसीत कामाला असेल, अंगावर कंपनीचा शर्ट. खिशातनं स्ट्रिपचा कात्रीनं कापलेला तुकडा काढला आणि काचेवर ठेवला. ही द्या, दोन दिवसाची, रूममधल्या पोरानं दिलेली, घशाचं दुखणं लगेच थांबलं. तुकडा उचलून बघितला, एका गोळीपुरता कापलेला, नाव अर्ध्यातनं गेलेलं, शेवटची दोन अक्षरं आणि लाल रेघ तेवढी शाबूत.